आजीच्या बांगड्यांचे मणी

प्रिय बायो,

काल फोन ठेवल्यावर खूप वेळ सोप्यावर बसून राहिले. तू ऑफिसमधून दमून आलेलीस आणि मी सकाळपासून काच वितळवायच्या टॉर्चसमोर बसलेले, दोघींचा आवाज चढला आणि जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून आता सगळं लिहून पाठवते, लांबेल, पण शेवटपर्यंत वाच. तुझ्या मंगळसूत्रासाठी आजीच्या बांगड्यांच्या काचेतून मी हिरवे मणी करतेय हे तुला आत्याकडून आधी कळलं, हे चुकलंच माझं, मीच आधी सांगायला हवं होतं.

तू म्हणालीस काळे मणी बाजारात पाकिटानं मिळतात, तू कशाला डोळे फोडून घेतेस. अगदी बरोबर आहे, पोतीचे ते बारीक मणी मी करतच नाहीये, ते माझ्याच्यानं होणारही नाहीत. ते एकेक करून बनवतच नाहीत गो, वितळलेल्या काचेची पोकळ नळी लांबच्या लांब ओढतात, मग तिचे बारीक बारीक तुकडे करतात आणि ते पुन्हा तापवून कडा गोल करतात. आंध्रात पापानायडुपेट म्हणून गाव आहे तिथे हे काम पिढ्यानपिढ्या चालत आलंय, आणि पुदुच्चेरीजवळ अरिकामेडूला तर दोन हजार वर्षांपूर्वी असले मणी व्हायचे आणि जहाजातून लांब लांब जायचे. तेव्हा बारीक पोत विकतचीच. मी करतेय ते फक्त मधले मोठे मणी, दहा मिलीमीटरचे, काळे आठ आणि हिरवे तीन. सोन्याचा मुहूर्तमणी सोनाराकडे दिलाय तो वेगळा.

विकतच्या मण्यांवरून आठवलं, मागच्या वर्षी मी हँडमेड म्हणून लिहिलेलं एक पाकीट मागवलं होतं ना, एकदा घामाला घालून गेले तर मानेवर काळा पट्टा उठला, नुसता रंग फासलेला होता वरून. तेव्हापासून मी मणी विकत घेतला की आधी भोक बघते. रंग फासलेला असेल तर भोकाच्या कडेला पापुद्रा सुटलेला दिसतो. आणि ज्योतीवर हातानं केलेला मणी असेल तर भोकाच्या दोन्ही तोंडांना काच आत वळलेली असते, बेंबीसारखी, बोट फिरवलं तर टोचत नाही. टोचला तर तो दोरा कापणार, आज नाही तर सहा महिन्यांनी.

गुजरातेत खंबातला आपण गेलो होतो तेव्हा तू सातवीत होतीस, तुला फक्त ट्रेनमधलं ऊन आठवत असेल. तिथे अकीक घासणाऱ्या कारागिरानं मला एक मणी उजेडात धरून दाखवला होता, लांबट लाल. मूळ दगड मळकट करड्या रंगाचा असतो, तो उन्हात वाळवून मडक्यात घालून भाजतात, मग त्याच्यातलं लोखंड लाल होतं. त्या मण्यात डोळा लावून बघितलं तर मधोमध बारीकशी पायरी दिसते, कारण भोक दोन्ही बाजूंनी पाडत आणतात आणि मध्ये कुठेतरी दोन्ही भोकं एकमेकांना भेटतात. अगदी सरळ रेषेत कधीच भेटत नाहीत. जवळच लोथल, तिथे सिंधू संस्कृतीच्या काळातला मणी करण्याचा कारखानाच सापडलाय, आणि इकडचे अकीकाचे मणी पार इराकमध्ये उर या जुन्या शहरातल्या राजघराण्याच्या थडग्यांत मिळालेत, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. तो लाल मणी माझ्या डब्यात वरच्याच कप्प्यात आहे, हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात लमाणी बाईकडून घेतलेल्या चांदीच्या मण्यांशेजारी. सगळा डबा तुझाच आहे पण तो विषय नंतर.

आता मुद्द्याचं.

आजोबा १९९६ मध्ये गेले, तू व्हायची होतीस. मला या घरात येऊन दोनच वर्षं झाली होती. त्या दिवशी आजीला मागल्या दारी न्हाणीपाशी बसवलं आणि तिच्या हातातल्या बांगड्या फोडल्या. बायो, आपल्याकडे बांगडी साधी पिचली तरी आपण फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो, मंगळसूत्राचा दोरा तुटला तरी वाढवलं म्हणतो, आजीनंच मला हे पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, मी सहज बांगडी फुटली म्हणाले तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता. आणि त्या दिवशी तिच्यासमोर चार बायका मोठमोठ्यानं म्हणत होत्या, फोडा, फोडा. आजी काही बोलली नाही. ती मनगटाकडे बघत होती, तिथे थोडं रक्त आलं होतं.

नंतर मला केर काढायला सांगितलं आणि तुकडे लांब नेऊन टाक म्हणाले. मी केर काढला. तुकडे पदरात बांधले, खोलीत नेले आणि बिस्किटाच्या गोल डब्यात ठेवले. का ठेवले ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मी बावीस वर्षांची होते आणि तिथे उभं राहून नको म्हणायची माझी हिंमत झाली नव्हती, ते मला आजपर्यंत लागून आहे.

पुढे दहा-बारा वर्षांनी चवथीच्या साफसफाईत आजीला तो डबा सापडला. मला वाटलं आता ओरडणार. तिनं झाकण उघडलं, तुकड्यांतून बोट फिरवलं आणि एक तुकडा उचलून मला दाखवला, म्हणाली हा बघ सांधा. काचेची बांगडी अखंड नसते गो, फिरोजाबादला तापलेल्या काचेची तार रुळावर स्प्रिंगसारखी गुंडाळतात, कापतात, मग एकेक वेढा ज्योतीवर धरून टोकं जोडतात, म्हणून प्रत्येक बांगडीत एक ठिकाणी जोड असतो. आजीला हे काकणकारानं सांगितलेलं, लग्नात चुडा भरताना. तिनं तो तुकडा परत ठेवला, झाकण लावलं आणि म्हणाली, टाकू नको. एवढंच. परत कधी विषय काढला नाही.

मी टॉर्च घेतला तो २०२२ मध्ये, आजी गेल्यावर. ज्योतीला लागणारं ऑक्सिजनचं मशीन म्हणजे करोनात तिच्यासाठी घेतलेलं तेच, पाच लिटरचं, कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं, मणी करायच्या क्लासमध्ये मॅडम म्हणाल्या की छोट्या टॉर्चला तेवढं पुरतं. तिच्यासाठी आणलेल्या मशीनवर आता माझी ज्योत चालते हे मी बाबांनासुद्धा कधी बोलून दाखवलं नाही. त्याच वर्षी पेपरात हेरवाडची बातमी आली होती, कोल्हापूरकडच्या त्या गावानं ग्रामसभेत ठराव केला की बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. मी ती बातमी दोनदा वाचली आणि बिस्किटाचा डबा कपाटातून खाली काढला.

पण काच आपल्या मनासारखं ऐकत नाही. पहिल्यांदा मी इटलीच्या काचेचा पांढरा मणी केला आणि त्यावर आजीच्या बांगडीचा हिरवा ठिपका ठेवला. इतका गोड दिसत होता. असे वीस केले. सकाळी भट्टी उघडली तर सगळे ठीक, संध्याकाळी चहा घेताना टेबलावरून टक् असा आवाज आला, मग पुन्हा टक्. रात्री जेवेपर्यंत वीसच्या वीस मण्यांना ठिपक्याभोवती अर्धचंद्रासारखी चीर गेली होती. कारण असं की प्रत्येक काच तापली की किती फुगते आणि थंड झाली की किती आकसते याचा आकडा वेगळा असतो, या इटालियन काचेचा १०४, प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेटचा फक्त ३३, आणि बांगडीच्या काचेचा आणखी तिसराच काहीतरी. दोन वेगळ्या काचा गरम असताना छान एकजीव होतात, निवताना मात्र एकमेकींना ओढायला लागतात. मी त्या रात्री रडले, खोटं कशाला सांगू, कारण डब्यातले तुकडे मोजकेच आहेत आणि त्यातले कितीतरी मी वाया घालवले होते.

मग क्लासच्या मॅडमनीच सांगितलं, मिसळू नका, पूर्ण मणी बांगडीचाच करा. हे करायला जास्त अवघड. तुकडा थेट ज्योतीत धरला तर ठिकऱ्या उडतात, म्हणून आधी भट्टीच्या तोंडाशी ठेवून हळूहळू तापवायचा, मग चिमट्यात धरून ज्योतीच्या टोकाशी, मग आत. एक तुकडा वितळून दुसऱ्याला जोडायचा, दुसरा तिसऱ्याला, अशी बोटभर कांडी झाली की मग स्टीलच्या सळीवर गुंडाळायची. सळीला आधी मातीचा लेप लावून वाळवलेला असतो, म्हणजे मणी नंतर सुटून येतो आणि सळीच्या जागी भोक राहतं. काच तापली की तिच्यातल्या सोड्यामुळे ज्योत अशी पिवळीधमक होते की त्यात मणीच दिसत नाही, म्हणून तो जांभळट चष्मा लावायचा, तू ज्याला वेल्डिंगचा चष्मा म्हणतेस तो, वेल्डिंगचा नाही तो, डिडीमियमचा आहे. सळी सारखी फिरवत राहायची, हात थांबला की मणी एका बाजूला लोंबतो. एका मण्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि तापलेला असताना तो हिरवा नसतोच, नारिंगी असतो. भट्टीत जाईपर्यंत हिरव्या रंगाची नुसती चाहूल येते.

मणी झाला की लगेच भट्टीत, रात्रभर हळूहळू निवू द्यायचा. काळ्या इटालियन काचेला ५१० डिग्रीच्या आसपास ठेवते, बांगडीला थोडं जास्त लागतं. पावसात हेच सगळ्यात कठीण, मध्येच लायट गेली की संपलं. जूनमध्ये दोन घाणे असेच गेले, म्हणून आता इन्व्हर्टरवाल्याला बोलावून वेगळी सोय करून घेतलीय, बाबांनी काही न बोलता पैसे दिले.

आता तुझी भीती, मणी गळ्यात फुटला तर. ती मलाही होती. म्हणून एक तपासणी शिकले, तुझा जुना लॅपटॉप त्यासाठीच वापरते. स्क्रीन पूर्ण पांढरी करायची, मणी तिच्यासमोर धरायचा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघायचं. गॉगल हळूहळू फिरवला की एका जागी स्क्रीन काळीकुट्ट होते, आणि काचेत ताण राहिला असेल तर त्या काळोखात मण्यात पांढरे चमकते पट्टे दिसतात. बरा असेल तर मणीही अंधारात बुडतो. मी हिरवे अकरा केले, त्यातल्या चारांत पट्टे दिसले, एकाचं भोक वाकडं आलं, सहा चांगले. सहांतले तीन तुला. काळे मात्र असे तपासता येत नाहीत, त्यांच्यातून उजेडच जात नाही.

काळ्याची एक गंमत पण सांगते. ही काळी काच खरं तर काळी नाहीये. कांडी तापवून सुतासारखी पातळ ओढली ना की जांभळी दिसते, पिकल्या जांभळासारखी गडद जांभळी. जाड असते म्हणून काळी वाटते एवढंच. एक तार ओढून तुझ्यासाठी ठेवलीय, कागदात गुंडाळून पाठवते, खिडकीत धरून बघ.

आत्या म्हणते अपशकुन होईल. तिचा राग नाही मला, ती त्या दिवशी तिथेच होती, आपल्या आईचा हात तिनंच धरला होता, तिलाही ते विसरता आलेलं नाही म्हणून तर ती घाबरते. पण मला विचारशील तर त्या बांगड्यांत अशुभ असं काहीच नव्हतं. आजीनं त्या चुड्यापासून हातात बाळगल्या, भाकऱ्या थापताना, बाबांना अंघोळ घालताना, गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवताना त्या वाजत होत्या. जे वाईट झालं ते माणसांनी केलं, काचेनं नाही. आणि मला त्या तुकड्यांची तीन वर्तुळं का होईना परत करायची होती, आणि ती तुझ्याच गळ्यात असावीत असं मला खूप खूप वाटतं. जावईबापूंच्या घरी काय वाटेल ते तू त्यांच्याशी बोल, लपवून घालू नको, लपवून घालणार असशील तर नकोच.

आणि तुझं स्वतःचं मन नाही म्हणालं तर नाही. मी रुसणार नाही, खरंच सांगते. मग अकराही मणी काळे करीन, हिरवे माझ्याकडे ठेवीन.

एक हिरवा मणी आज कुरियरनं पाठवतेय, तारेसोबतच. उरलेल्या पाचांपेक्षा थोडा चपटा आहे, एका बाजूला आत केसासारखी फिकट रेघ दिसेल ती चीर नाहीये, तपासलीय मी. ज्या तुकड्यात सांधा होता ना, आजीनं दाखवलेला, तो या मण्यात गेलाय, वितळूनसुद्धा रेघ पूर्ण गेली नाही.

शुक्रवारी मी म्हापशाला बाजारात जाणार आहे, पोत गाठवून देणारा त्याच दिवशी बसतो आणि पुढच्या आठवड्यात तो गावी जातोय म्हणे. तेव्हा गुरुवारी रात्रीपर्यंत कळव, हो की नाही, आणि लांबी किती ठेवू तेही, गळ्यालगत की छातीपर्यंत, दोरा घेऊन मोज आणि इंचात सांग, मागच्या वेळेसारखं वीतभर असं सांगू नको.

जेवत जा वेळेवर.

तुझी
आई