बँकेतली चिल्लर आणि १९४७ चं एक नाणं

कोलंबस, ओहायो
७ डिसेंबर २०२५

ती. बाबा, आई आणि आजी,
नमस्कार.

परवा फोनवर आई काळजीने म्हणाली की हा पोट्टा बँकेतून चिल्लर आणून रात्री मोजत बसतो, आणि मागून बाबा तुम्ही विचारलं, "काहून रे, पगार चिल्लरमध्ये देऊन राहिले का?" तेव्हा ऑफिसला निघायची घाई होती, नीट सांगता आलं नाही. आज रविवार आहे, बाहेर मरणाची थंडी, म्हणून चहा घेऊन बसलो आणि सगळं लिहून राहिलो.

तर बाबा, इथे बँकेत काउंटरवर नोटा द्यायच्या आणि नाण्यांचे रोल मागायचे. रोल म्हणजे तुम्ही दुकानात रात्री शटर अर्धं पाडून गल्ल्यातल्या रुपयांच्या पेपरात सुरळ्या करायचे ना, तेच. फक्त इथे सगळं ठरलेलं आहे. एक सेंटच्या रोलमध्ये ५० नाणी आणि कागदावर लाल रंग, पाच सेंटच्यात ४० आणि निळा, दहा सेंटच्यात ५० आणि हिरवा, पाव डॉलरच्यात ४० आणि नारिंगी. कॅशियर लांबून रंग पाहूनच सांगते. पुरा खोका घेतला तर त्यात ५० रोल येतात, म्हणजे पाव डॉलरचा खोका ५०० डॉलरचा. एवढा मी घेत नाही आई, घाबरू नको. एक सेंटचा २५ डॉलरचा खोका एकदा घेतला होता, २५०० नाणी, तीन रात्री पुरला. एरवी दहा-बारा रोल.

शोधतो काय? मुख्य म्हणजे चांदी. १९६४ पर्यंतच्या इथल्या दहा सेंट, पाव डॉलर आणि अर्ध्या डॉलरमध्ये ९० टक्के चांदी असायची. १९६५ पासून दहा सेंट आणि पाव डॉलरमधली काढली, मधे तांबं आणि वरून तांबं-निकेलचा पत्रा. म्हणून साल वाचत बसावं लागत नाही, रोल फोडून नाणी तशीच एकावर एक धरायची आणि कडेने पाहायचं. नवीन नाण्याच्या कडेला तांबूस रेघ दिसते, चांदीचं नाणं कडेलाही पांढरंच. आणि आवाज बाबा, टेबलावर टाकलं की तो खणखणीत आवाज! आपल्या नागपूरच्या इतवारीत सराफाच्या पाटीवर कलदार, म्हणजे चांदीचे रुपये, वाजवून पाहायचे असं आजी सांगायची, ते मला इथे समजलं.

पाच सेंटमध्ये वेगळी गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धात निकेल लढाईला लागत होतं म्हणून १९४२ ते १९४५ मध्ये त्यात ३५ टक्के चांदी घातली, आणि ओळखू यावं म्हणून मागच्या बाजूला कोरलेल्या इमारतीच्या घुमटाच्या वर टांकसाळीचं अक्षर चांगलं ठळक ठेवलं. ही नाणी काळपट, मळकी दिसतात. आतापर्यंत दोन सापडली.

आता गुंडाळण्याचं सांगतो, कारण माझा जीव त्यातच जास्त अडकला आहे. मशीनचे रोल एकदम घट्ट, दोन्ही टोकं आत वळवून दाबलेली, सगळे एकसारखे, टोकाचं एक नाणं तेवढं दिसतं. हे पैसे मोठ्या कोठारात एकत्र होऊन, मोजून येतात. दुसरे असतात हाताने भरलेले. बँक कागदाच्या चपट्या नळ्या फुकट देते, लोक घरी बसून भरतात, आधी एक टोक दुमडायचं, आत बोट घालून बसवायचं, मग नाणी सोडत जायची, मधेमधे टेबलावर ठोकायचं म्हणजे आडवं पडलेलं नाणं सरळ होतं, आणि मग वरचं टोक दुमडायचं. अशा रोलवरून माणूस दिसतो. कोणाची घडी एकदम नीट, कोणाचा कागद सैल, कोणी सेलोटेप लावलेली. मी काउंटरवर आधी हेच विचारतो की हाताने भरलेले आहेत का, कारण कोणाच्या घरच्या बरणीतली, मेलेल्या म्हाताऱ्याच्या कपाटातली जुनी नाणी यातूनच येतात.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात असेच सहा रोल मिळाले, दहा सेंटचे. एकाचा कागद पिवळा पडलेला, घडीवर मऊ झालेला, वर पेन्सिलने ५० लिहिलेलं आणि त्याखाली बरोबरची खूण. फोडला आणि कडेने पाहिलं तर एकोणपन्नास तांबूस रेघा आणि मधे एक पांढरं. उलटं केलं. एका बाजूला रूझवेल्ट, दुसरीकडे मशाल, मशालीच्या पायाशी बारीक एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ, आणि साल १९४७.

बाबा, मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो. आजीच्या स्टीलच्या डब्यात वाघाचा रुपया आहे ना, तोही १९४७ चा. पण आपला तो निकेलचा. लढाईत आधी आपल्या रुपयातली चांदी निम्मी केली आणि १९४७ ला पुरतीच काढली, आणि इथे त्याच साली दहा सेंटच्या एवढ्याशा नाण्यात सव्वादोन ग्रॅम चांदी घालून राहिले होते. दोन्ही नाणी एकदा शेजारी ठेवून पाहायची आहेत मला. विकायचा तर प्रश्नच नाही.

एकदा मात्र मन खट्टू झालं. एका बँकेतून आणलेल्या पाव डॉलरच्या रोलमध्ये ३८ च निघाले, कोणीतरी मुद्दाम कमी भरले होते. रक्कम काही मोठी नाही, पण तुम्ही एक रुपया कमी वाटला तर पुरी सुरळी सोडून पुन्हा मोजायचे, आणि मी दप्तर घेऊन कंटाळून उभा असायचो, ते आठवलं. मी भरतो ते रोल दोनदा मोजून भरतो. आणि पाहून झालेली नाणी वेगळ्या बँकेत नेऊन भरतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात आपलीच नाणी आपल्याच हातात येतात आणि काउंटरवरच्या बाईलाही उगाच दुप्पट काम.

एक सेंटचं नाणं तर आता रोजच्या वापरासाठी पाडणंच बंद झालं, १२ नोव्हेंबरला फिलाडेल्फियात शेवटची पाडली. एक सेंट बनवायला तीन सेंटच्या वर खर्च येत होता. नाणी चालतात अजून, पण मी १९५८ पर्यंतची गव्हाच्या कणसांची बाजूला काढून ठेवून राहिलो. १९४३ चा एक लोखंडी सेंट हवा आहे, तांबं युद्धाला गेलं म्हणून त्या साली पोलादाचे पाडले होते, चुंबकाला चिकटतो. अजून दिसला नाही.

आता बाबा, तुमच्याकडे एक काम. रोजच्या चिल्लरमध्ये सालाच्या खाली पाहत जा. चौकट असेल तर मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. चष्मा लावून, आणि दिवसा उजेडात. गेंड्याची चाराणी, कमळाचे वीस पैसे कुठे डब्यात निघाले तर भंगारवाल्याला देऊ नका, २५ पैसे २०११ पासून चालत नाहीत पण माझ्यासाठी ठेवा. आजीच्या वाघाच्या रुपयाचा फोटो पाठवा, आई तू काढ, बाबांचा हात हलतो. आणि घासू नका हो त्याला, पितांबरी तर अजिबात नको, घासलं की नाणं गेलंच समजा.

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू होईल, तर सिव्हिल लाइन्सकडे स्कूटर घेऊन जाऊ नका. एप्रिलमध्ये येतो तेव्हा १९४७ वालं खिशात घालून आणतो. माझ्यासाठी संत्रा बर्फी नंतर आणली तरी चालेल, आधी तो डबा काढून ठेवा.

तुमचा,
बंटी