छकुलीचा १.७ आणि लांबलेलं सेमेस्टर

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर आवाज तुटतो, म्हणून लिहूनच टाकतो. नातीला ‘फक्त १.७’ मिळाले म्हणून आई, तू जेवली नाहीस असं ताई म्हणाली. अगं, जर्मनीत उलटा कारभार आहे. १.० सगळ्यात वरचा, ४.० काठावर पास, ५.० नापास. १.७ला पेढे वाटायचे!

बाबा, आपले गुण इथल्या मापात आणायचं सूत्र तुम्हाला आवडेल. सर्वोच्च गुणांतून मिळालेले वजा करा, सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण यांच्या फरकाने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. दहापैकी ८ मिळाले आणि पास व्हायला ४ लागत असले, तर उत्तर २.० येतं.

आता तुमचा खरा राग. ती इंटर्नशिपसाठी मास्टर्स एक सेमेस्टर लांबवतेय. ‘वर्ष वाया घालवलं’ हे तिला कृपा करून ऐकवू नका. चार सेमेस्टरचा कोर्स पाच-सहा सेमेस्टरांत संपवणारे इथे पुष्कळ आहेत आणि त्यावरून कुणी नाक मुरडत नाही. आमच्या टीमसाठी अर्ज चाळताना १.७ आणि २.० मधला फरक माझ्या लक्षातही राहत नाही. सहा महिने एखाद्या कारखान्यात बसून कुणी काय केलं, ते राहतं. पीएचडी करायची असती, तर मी गुणांसाठी तिच्या मागे लागलो असतो. तिला ती करायची नाही.

पण तिचा एक पेपर राहिलाय, तिथे मी तिची बाजू घेणार नाही. बऱ्याच विद्यापीठांत एका पेपरला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा गेला की कोर्स बंद, आणि मग तोच कोर्स दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही. तेव्हा आधी पेपर, मग इंटर्नशिप.

पैशांचंही ऐका. इंटर्नशिप अभ्यासक्रमातली सक्तीची असेल, तर किमान वेतनाचा कायदा लागत नाही. कंपनी देईल ते घ्यायचं. स्वतःहून केलेली तीन महिन्यांपेक्षा मोठी असेल, तर लागतो. २०२६ मध्ये तासाला १३.९० युरो. मात्र ही दुसरी इंटर्नशिप परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला कामाचे जे १४० पूर्ण दिवस मिळतात, त्यात धरली जाते. सहा महिन्यांत कामाचे दिवसच साधारण १३० होतात. एकाच वर्षात ते आले, तर तिची आत्ताची अर्धवेळ नोकरी सुटलीच म्हणायची. हे तिच्या डोक्यात नव्हतं. शनिवारी करार घेऊन माझ्याकडे येतेय, सही त्यानंतर.

एक आधीच सांगून ठेवतो: दिवाळीला ती येणार नाही. तिला विचारत बसू नका, रडेल. फराळ मात्र दोघांच्या वाटचा पाठवा.

तुमचा,
बंड्या