दऱ्या आणि दर्या

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू म्हणालास, "आई, मी तो प्रोग्रॅम, सगळंच उडवून टाकलं. सात महिने फुकट गेले." मी तेव्हा फारसं बोलले नाही, कारण तुझा आवाज ओळखीचा वाटला. तीन वर्षांपूर्वी मी याच आवाजात तुझ्या बाबांशी बोलले होते. ते तुला कधी नीट सांगितलंच नाही, म्हणून आज पत्र लिहायला बसले.

आजीच्या डायऱ्या तुला माहीतच आहेत. अर्धी पानं डोंगरातल्या भटकंतीची, अर्धी समुद्राकाठच्या वर्षांची. ती गेल्यावर मला वाटलं की हे सगळं टाइप करावं आणि असा एक छोटा प्रोग्रॅम लिहावा, की कुठलाही शब्द टाकला की आजीने तो कुठे कुठे लिहिलाय ते समोर यावं. मी काही या क्षेत्रातली नाही. दिवसभर हिशेबाचं काम आणि संध्याकाळी हे. पण त्या दोन तासांची मी दिवसभर वाट बघायचे. निम्म्या डायऱ्या मी संगणकावर टाइप केल्या, निम्म्या बाबांनी फोनवर. बोटं दुखायची त्यांची, तरी रोज दोन पानं व्हायचीच.

एका संध्याकाळी मला आजीचं एक वाक्य हवं होतं, "दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला" असं सुरू होणारं. वाक्य आहे हे मला पक्कं माहीत होतं. शोधलं तर काहीच मिळालं नाही. मी सरळ बाबांना म्हटलं, "तुम्ही ते पान गाळलंत." त्यांनी न बोलता डायरी आणली, पान काढलं, मग फोनवर टाइप केलेलं पान उघडून माझ्यासमोर धरलं. शब्द तिथे होता, डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. माझा प्रोग्रॅम मात्र नाही म्हणत होता.

पुढच्या तीन संध्याकाळी मी काय काय तपासलं ते तुला सांगायला नको. डेटाबेस, जास्तीच्या मोकळ्या जागा, फाइल वाचायची पद्धत, सगळं. दुसऱ्या संध्याकाळी तुझा फोन आला होता. तुला निकाल सांगायचा होता आणि मी स्क्रीनवरून नजर न हलवता "नंतर बोलू" म्हटलं. तू "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. तो निकाल मला दोन दिवसांनी बाबांकडून कळला. त्याबद्दल मी तुझी माफी कधी मागितली नाही. आज मागते.

तिसऱ्या दिवशी कंटाळून मी दोन्ही शब्दांची लांबी छापून बघितली. माझ्या "दुसऱ्या"मध्ये ७ चिन्हं निघाली, बाबांच्या "दुसऱ्या"मध्ये ८.

तो आकडा बघून मी खुर्चीत मागे टेकले. मग एकेक चिन्ह वेगळं करून छापलं. आपल्याला "ऱ्या" हे एकच जोडाक्षर दिसतं, य च्या डावीकडे चंद्रकोरीसारखा चिकटलेला अर्धा र. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ते लिहायच्या दोन वाटा आहेत. माझा कीबोर्ड नुक्तेवाला, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ वापरत होता, तो वेगळं अक्षर म्हणून नोंदलेला आहे, सोळाच्या पायाच्या मोजणीत ०९३१ क्रमांकाचा. त्याच्यापुढे हलन्त, मग य. बाबांचा कीबोर्ड साधा र घेत होता, ०९३०, त्याला हलन्त, आणि मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य चिन्ह. हे चिन्ह स्क्रीनवर जागा घेत नाही, शेजारची अक्षरं कशी जोडायची एवढंच सांगतं. छापलं की दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द, आणि एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरणही त्यांना एक मानत नाही.

बाबांनी बरोबर लिहिलं होतं, मीही बरोबर लिहिलं होतं. चूक होती ती माझ्या प्रोग्रॅमच्या गृहीतकात, की दिसायला सारखं ते सारखंच असणार. आणि तीन दिवस मी राग काढत होते तो ज्या माणसाने बोटं दुखेपर्यंत माझ्या आईची अक्षरं टाइप केली त्याच्यावर.

इथपर्यंतचं तुला थोडंफार ठाऊक असेल. पुढचं बाबांनी तुझ्यापासून लपवलं, मी सांगू नका म्हटल्यामुळे.

कारण सापडल्याच्या आनंदात मी त्याच रात्री दहा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला, जो सगळ्या फाइलींमधून ते अदृश्य चिन्ह काढून टाकेल. तो मी मूळ फाइलींवरच चालवला. अर्ध्या सेकंदात संपला. शोध घेतला तरी शब्द मिळेना, म्हणून बाबांचं पान उघडलं. तिथे "दुसऱ्या"चं "दुसर्या" झालं होतं. जॉइनर गेला की र वर चढून रफार होतो, हे मला लिहिताना सुचलंच नाही. "दुसर्या" असा शब्द मराठीत नाही, त्यामुळे असे शब्द पुन्हा शोधून बदलता आले असते. पण आजीने डोंगरातल्या दऱ्या लिहिल्या होत्या आणि समुद्राला ती दर्या म्हणायची. आता बाबांच्या सगळ्या पानांवर दर्याच दर्या होता. पहाटे धुक्याने भरलेली दरी कुठली आणि भरतीचा समुद्र कुठला, ते फाइलीवरून सांगायची सोय उरली नव्हती. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांचंही तेच झालं, एका पंगतीच्या वर्णनात.

बॅकअप चार महिने जुना होता. कोडसाठी मी गिट, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास जपणारं साधन, वापरत होते, नियमाने कमिट, म्हणजे त्या बदलांची नोंद, करत होते. पण ज्या मजकुरासाठी तो कोड लिहिला, तो मजकूर मी गिटमध्ये ठेवलाच नव्हता. हे वाक्य लिहितानाही मला त्रास होतो. माझ्या कोडच्या प्रत्येक स्वल्पविरामाचा इतिहास माझ्याकडे होता आणि आईच्या शब्दांचा नव्हता.

त्या रात्री मीही म्हणाले की सगळं उडवून टाकते. बाबांनी लॅपटॉप मिटला, म्हणाले, "वह्या आहेत ना?" आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं मूळ डायऱ्या घेऊन बसलो. ते मोठ्याने वाचायचे, मी दुरुस्त करायचे. दरी आली की ते थांबायचे आणि म्हणायचे, "डोंगरातली." समुद्र आला की, "पाण्याची." सहा आठवडे लागले. खरं सांगते, त्या सहा आठवड्यांत मी माझ्या आईला जेवढं वाचलं तेवढं टाइप करताना वाचलं नव्हतं. टाइप करताना डोळ्यांपुढे अक्षरं असायची, या वेळी ती स्वतः होती.

दुरुस्ती आता वेगळ्या तऱ्हेने केलीय. मूळ मजकुराला हात लावायचा नाही. शोधासाठी त्याची एक वेगळी नक्कल ठेवायची, तिच्यात साधा र, हलन्त आणि जॉइनर असा क्रम दिसला की त्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त घालायचा, आणि शोधायला टाकलेल्या शब्दालाही तोच नियम लावायचा. काम एका संध्याकाळचं. हे आधी सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही ते नाही.

आता तुझ्याकडे येते. तू सांगितलंस ते मी रात्री पुन्हा पुन्हा मनात फिरवलं. तुझी मैत्रीण परदेशात, तिच्या घड्याळात रात्री आठ ही तुमची बुद्धिबळाची वेळ, आणि तुझा प्रोग्रॅम दोघांना आठवण करून देणारा. तू ती वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे साऱ्या जगाच्या एका समान प्रमाणवेळेत, एकदा कायमची नोंदवलीस. तिच्या देशात घड्याळं एक तास पुढे गेली आणि तुझी नोंद तिथेच राहिली. ती तिच्या आठला हजर झाली, तासभर वाट बघून निघून गेली. मग तुझी आठवण वाजली, तू गेलास, समोर कोणी नाही. तू तिला "तुला वेळेची किंमत नाही" असं लिहिलंस. आता दोन महिन्यांनी खरं कारण कळलं, तर तू प्रोग्रॅमच पुसून टाकलास.

मला तुझ्यात माझी ती संध्याकाळ दिसली, बाबांना "पान गाळलंत" म्हणणारी.

घडून गेलेल्या गोष्टीची वेळ यूटीसीमध्ये ठेवणं योग्यच आहे. पण पुढे दर आठवड्याला घडणार असेल तर "रात्री ८" आणि तिच्या टाइमझोनचं नाव, असं दोन्ही जसंच्या तसं जपायचं आणि प्रत्येक वेळी नव्याने हिशेब करायचा. किती तासांचा फरक तो आकडा नको, नावच हवं. कारण फरक बदलत राहतो, कधी ऋतूप्रमाणे तर कधी सरकारच्या निर्णयाने. सामोआने आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली तेव्हा तिथे ३० डिसेंबर २०११ ही तारीख उजाडलीच नाही. गुरुवारी रात्री झोपलेली माणसं शनिवारी उठली. असे सगळे बदल टिपून ठेवणारी टाइमझोनची एक यादी आहे. ती वर्षानुवर्षं स्वयंसेवकांनी सांभाळली, २०११ पासून ती आयएएनए या संस्थेकडे असते आणि तुझ्या फोनपासून मोठमोठ्या सर्व्हरपर्यंत बहुतेक सगळे तिच्यावर चालतात. तुला फक्त तिला विचारायचं आहे. ही गोष्ट तुला माहीत नव्हती यात कमीपणा नाही. मला जॉइनर माहीत नव्हता.

सात महिने फुकट गेले म्हणालास, त्याबद्दल एक सांगते. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांचं नाव तू ऐकलं असशील. १९७७ साली स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं हातात आली, ती त्यांना इतकी खटकली की गणिताची पानं नीट जुळवणारा प्रोग्रॅम आपणच लिहावा असं त्यांनी ठरवलं. साधारण वर्षभराचं काम वाटलं होतं, त्यात दशक गेलं. त्या प्रोग्रॅमचं नाव टेक. गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे असंख्य शोधनिबंध आजही त्याने जुळवले जातात. पण मला त्यांची भावलेली गोष्ट वेगळीच आहे. टेकमध्ये सापडलेली प्रत्येक चूक ते तारखेसह वहीत लिहीत गेले आणि १९८९ साली ती यादी त्यांनी लोकांसमोर ठेवली. आठशेहून जास्त चुका, क्रमाने, कुठली कशी झाली ते सांगून. हे वाचल्यावर मीही एक वही केली. तिच्या पहिल्या पानावर दऱ्या आणि दर्या आहेत. दुसऱ्या पानावर तुझ्या निकालाची तारीख आहे. ती चूक प्रोग्रॅमची नव्हती, पण मला ती तिथेच लिहावीशी वाटली.

हौसेच्या कामाला कोणी तगादा लावत नाही, तारीख मागत नाही. म्हणून ते सोडून देणं फार सोपं असतं, आणि सोडू नयेच असं मी म्हणत नाही. माझे कितीतरी प्रोग्रॅम अर्धवट पडलेत. बाबांसाठी लिहायला घेतलेला पुस्तकांच्या नोंदींचा तर दोनदा सुरू करून दोनदा सोडला, कारण त्यांना कागदच बरा वाटतो. तुला या कामाचा कंटाळा आला असता तर मी एक शब्द बोलले नसते. पण तू रागात पुसलंस, आणि तो राग मला वाटतं कोडवर नव्हता. मैत्रिणीला तू अजून काहीच कळवलेलं नाहीस, हे तू बोलता बोलता सांगून गेलास. मला तेवढंच टोचलं. तिला कारण सांग. टाइमझोनचा पाठ देऊ नकोस, लांबलचक नको, "तू वेळेवर होतीस, माझ्या हिशेबात चूक होती" इतकं पुरे. बाबांना हे म्हणायला मला त्या वेळी चार दिवस लागले होते आणि ते चार दिवस घरात फार जड गेले.

आणखी एक. तू मागच्या सुट्टीत आला होतास तेव्हा माझ्या जुन्या लॅपटॉपवर काम करत होतास. आज सकाळी तो चालू करून बघितला. तुझं फोल्डर तिथे आहे, गिटच्या इतिहासासकट. शेवटचा कमिट तू निघालास त्या दिवशीच्या पहाटेचा. म्हणजे शेवटच्या दोन-अडीच महिन्यांचं काम त्यात नसेल, पण त्याआधीचं सगळं आहे. मी आतलं काही उघडलेलं नाही, फक्त त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवली. तुला हवं असेल तर पाठवते, नको असेल तर तिथेच राहू दे, जागा काही फार खात नाही.

बाबा विचारतायत की आजीच्या शेवटच्या डायरीतलं ते ओल लागलेलं पान तू भिंगातून बघशील का. शाई पसरलीय. "समोर" नंतरचा शब्द त्यांना दऱ्या वाटतो, मला दर्या. तो आम्ही अजून कोरा ठेवलाय. पानाचा फोटो सोबत पाठवतेय.

तुझी,
आई