दुर्योधनाचं शेवटचं बोलणं कापू नका

माननीय संपादक,
स.न.

परवा आमच्या गावच्या जत्रेत दशावतार बघितला, आख्यान दुर्योधनवधाचं. गदायुद्ध एकदम झकास, पखवाजवाल्याने तर कमाल केली, पण भीमाने मांडीवर गदा हाणली, दुर्योधन पडला आणि लगेच समाप्ती. शेजारची काकी "मेलो एकदाचो" म्हणून चटई गुंडाळायला लागली. उजाडत आलेलं, वेळ संपलेली, हे सगळं समजतं, तरी चुटपुट लागून राहिली म्हणून लिहितोय.

दुर्योधन तिथे लगेच मरतच नाही हो. आणि जिथे पडतो ती जागापण मुद्दाम निवडलेली आहे. 18 व्या दिवशी सगळं सैन्य संपल्यावर तो द्वैपायन डोहात पाणी थिजवून लपला, शिकाऱ्यांनी पांडवांना खबर दिली, धर्मराजाने टोचून बोलून बाहेर काढला, आणि आता जुंपणार तेवढ्यात बलराम 42 दिवसांची तीर्थयात्रा करून पोचला आणि म्हणाला इथे नको, समंतपंचकात चला, तिथे लढताना मरेल त्याला स्वर्ग मिळतो. मग सगळे तिकडे गेले, अंगभर जखमा असलेला दुर्योधनसुद्धा गदा घेऊन पायी. राजाचं ते शेवटचं चालणं मला अख्ख्या युद्धापेक्षा मोठं वाटतं.

समंतपंचक म्हणजे परशुरामाने 21 वेळा क्षत्रिय मारून रक्ताचे 5 डोह भरले ती जागा. पितरांनी त्याला थांबवलं आणि तेच डोह तीर्थ झाले. आपण परशुरामभूमीतली माणसं, त्याने समुद्र मागे हटवला हे पोराटोरांना माहीत, पण हे रक्ताचं तीर्थपण त्याचंच, आणि क्षत्रियांचा शेवटचा मोठा राजा तिथेच येऊन पडला, हे जत्रेत नाही तर कुठे सांगणार?

लहानपणी बाबांबरोबर हेच आख्यान बघितलेलं, पेट्रोमॅक्सच्या उजेडात. त्यातला राजा पडल्यावर दोन्ही हात टेकून अर्धा उठला, शेपूट तुटलेल्या सापासारखा, मुकुट कललेला, रंग घामाने गळ्यापर्यंत ओघळलेला, आणि कृष्णाला एकेक विचारायला लागला, भीष्म कसे पाडलेत, द्रोण कसे, कर्णाचं चाक रुतलेलं असताना काय केलंत. मग म्हणाला, मी राज्य केलं, दान दिलं, रणात पडलो, माझ्याएवढा भाग्यवान कोण? महाभारतात या बोलण्यावर आकाशातून फुलं पडतात आणि जिंकलेले पांडव शरमेने माना खाली घालतात. पुढे धर्मराज स्वर्गात पोचतो तेव्हा पहिला दिसतो तो सिंहासनावर बसलेला दुर्योधन! बलराम जे म्हणाला ते खरं झालं. व्यासांनी त्याची पापं कुठे लपवलेली नाहीत, तरी मरायला सगळ्यात पवित्र माती दिली. हे गाळलं की उरते नुसती मारामारी.

जत्रा अजून बऱ्याच व्हायच्या आहेत. मंडळींना हात जोडून विनंती, वेळ कमी पडला तर मधलं एखादं पद कमी करा, पण दुर्योधनाला ती 10 मिनिटं बोलू द्या.

आपला,
एक दशावतारप्रेमी वाचक, ता. कुडाळ