स्लाइड यंत्राची, आकड्याची हमी कोणाची?

संपादक महोदय,

मॅनेजमेंट कन्सल्टिंगमधल्या करिअरवर छापून येणारे लेख अजूनही गलेलठ्ठ पगार, सततचा विमानप्रवास आणि केस इंटरव्यूची (उमेदवाराला एखाद्या कंपनीची अडचण सोडवायला देणाऱ्या मुलाखतीची) तयारी यांपलीकडे जात नाहीत. या व्यवसायाचे आतले गणितच हलले आहे, त्याचा मात्र कुठे पत्ता नसतो.

सल्लागार फर्मची रचना पिरॅमिडसारखी असते. पार्टनर काम आणतो आणि एका वेळी दोन-तीन प्रोजेक्ट सांभाळतो. क्लायंटकडे आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसतात ते ॲनालिस्ट, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरचे नवखे. त्यांच्या वेळेचे बिल आणि त्यांचा पगार यांतल्या फरकावर फर्म चालते. म्हणून ‘युटिलायझेशन’वर, म्हणजे कामाच्या किती वेळेचे बिल लागले यावर, सगळ्यांचा डोळा, आणि बेंचवर (प्रोजेक्टविना) बसलेला माणूस नकोसा. ठरावीक वर्षांत बढती नाही तर बाहेरचा रस्ता, ही रीतही त्यातलीच. २०२३मध्ये मागणी थंडावली तेव्हा काही बड्या फर्मनी निवड झालेल्यांच्या रुजू होण्याच्या तारखा पुढे ढकलल्या, त्यामागे हेच गणित होते.

त्याच वर्षी मॅकिन्झी या बड्या सल्लागार फर्मने ‘लिली’ हे एआय साधन आपल्या लोकांच्या हाती दिले. जुन्या अहवालांतला शोध, टिपणांचा सारांश, स्लाइडचा पहिला खर्डा ही नवख्यांची कामे आता मिनिटांत उरकतात. वेळ वाचतो यात वाद नाही. बीसीजी (बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप) या फर्मच्या ७५८ सल्लागारांवर २०२३मध्ये झालेल्या प्रयोगात यंत्राला झेपणारी कामे एआय वापरणाऱ्यांनी सुमारे २५ टक्के लवकर केली, दर्जाही वरचढ निघाला. पण एका कामात आकड्यांची शीट आणि मुलाखतींची टिपणे एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय बरोबर उत्तर हाती लागत नव्हते. तिथे एआय वापरणाऱ्यांत बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण १९ टक्के-बिंदूंनी कमी भरले. कौतुक करताना हा भाग सोयीने गाळला जातो.

ताडून पाहायचे म्हणजे काय, ते एका साध्या कामावरून सांगतो. कोणता ग्राहक किती नफा देतो, हे शोधायचे आहे. क्लायंटकडून बारा महिन्यांच्या बिलांची फाइल येते. आलेख काढण्याआधी तिची बेरीज लेखापरीक्षित हिशेबातल्या विक्रीशी जुळवायची. पहिल्या फटक्यात ती जुळत नाही. कुठे कर धरलेला असतो, परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा वेगळ्या फाइलीत असतात, समूहातल्याच कंपनीला केलेली विक्री मिसळलेली असते, एकच ग्राहक तीन स्पेलिंगांनी नोंदलेला असतो. फरक एका टक्क्याच्या आत येईपर्यंत पुढे सरकू नये, असे माझे मत. त्यानंतर खरी मेख: वर्षअखेरीची घसघशीत सूट आणि मालवाहतूक बिलात नसतेच, ती लेजरच्या दुसऱ्याच खात्यांत पडलेली असते. ती ग्राहकवार वाटली की पहिल्या क्रमांकाचा ग्राहक कधी कधी थेट तोट्यात जातो. जी फाइल दिलीच नाही तिची उणीव यंत्र आपणहून सांगेल याचा भरवसा नाही. ते आहे त्यावर देखणा आलेख काढून मोकळे होते. ती फाइल मागायची असते, हे नवखा शिकायचा ते याच कंटाळवाण्या जुळवाजुळवीत. तेच काम हातून गेले तर चार वर्षांनी मॅनेजर होणारा माणूस तपासणार काय?

तपासणी चुकली की काय होते, ते २०२५मध्ये ऑस्ट्रेलियात दिसले. सरकारला दिलेल्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ निघाले आणि डेलॉइट या सल्लागार फर्मला शुल्काचा काही भाग परत करावा लागला.

क्लायंटही पूर्वीचा राहिलेला नाही. पलीकडे बसलेला माणूस बहुधा माजी सल्लागारच असतो आणि शुल्क परिणामाशी बांधायला सांगतो. ऐकायला छान, भांडण होते ते ‘बेसलाइन’वर, म्हणजे बचत कोणत्या मूळ आकड्याशी ताडून मोजायची यावर. कच्च्या मालाचा भाव बाजारातच उतरला, तर ती बचत कोणाच्या खात्यात? म्हणून काम सुरू होण्याआधी चार गोष्टी कागदावर हव्यात: तुलनेचे बारा महिने कोणते, भाव आणि उत्पादनाचे प्रमाण बदलल्यास आकडा कसा सुधारायचा, बचत प्रमाणित कोण करणार (क्लायंटचा वित्तप्रमुख, आपला मॅनेजर नव्हे), आणि मोजणी थांबणार कधी. स्लाइडवर दाखवलेली बचत आणि हिशेबात उतरलेली बचत यांत पुष्कळ अंतर असते, कारण खरेदी विभाग जुना करार संपेपर्यंत पुरवठादार बदलू शकत नाही.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी फ्रेमवर्क (प्रश्न सोडवण्याचे ठरीव साचे) पाठ करण्याचा निम्मा वेळ दुसरीकडे लावावा. अनेक व्यवसाय असलेल्या एखाद्या नोंदणीकृत कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या, विभागवार विक्रीची बेरीज करा, ती एकूण विक्रीशी जुळते का पाहा. बहुधा जुळणार नाही, कारण विभागांची आपापसातली विक्री एकूण आकड्यातून वजा केलेली असते. ती वजावट टिपांमध्ये शोधून काढा. सोबत किंमतनिर्धारण, खरेदी किंवा पुरवठासाखळी यांपैकी एका विषयात खोल उतरा. नुसत्या हुशार ‘जनरलिस्ट’ला (सगळ्यातले थोडे थोडे जाणणाऱ्याला) आता पूर्वीइतका भाव नाही. मुलाखतीत तुम्हीही विचारा: पहिल्या वर्षी मॉडेल (आकडेमोडीची शीट) मला शून्यापासून बांधायला मिळेल का आणि ते ओळ न् ओळ कोण तपासेल?

फर्मकडे मागणी एवढीच, की आठ आठवड्यांच्या वर्कप्लॅनमध्ये आकडे जुळवण्याचे पहिले चार-पाच दिवस नवख्याच्या नावावर ठेवावेत. क्लायंटने ‘हे तर एआय करते’ म्हणून त्या दिवसांचे पैसे कापायला सांगितले, तरीही.

आपला,
व्यवस्थापन सल्ला क्षेत्रातील एक वाचक