ईटीओ साहेब, त्या फोल्डरबद्दल आभार

आदरणीय ईटीओ साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही, आमच्या जहाजाचे ईटीओ, म्हणजे इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सचे अधिकारी, एवढंच पुरे. चारचौघांत कौतुक झालेलं तुम्हाला खपत नाही, हे सगळ्या जहाजाला ठाऊक होतं. पण आभार मानायचे राहूनच गेले होते, आणि उघडपणे लिहिलं तर माझ्यासारख्या आणखी कुणाच्या कामी येईल, म्हणून हा आगाऊपणा.

जहाजावर आता नेट असतं, हे घरच्यांना सांगितलं की त्यांना बरं वाटतं. ते किती असतं, हे मात्र सांगून कळत नाही. सॅटेलाइटचा कोटा ठरलेला, त्यातला बराचसा घरच्या कॉलवर संपतो, आणि उरलेल्यात एखादं जड पान उघडायला घेतलं की गोल चक्र फिरत बसतं. क्लास टूच्या, म्हणजे जहाजाच्या इंजिनिअरांच्या पुढच्या परीक्षेच्या, अभ्यासाला लागणारं निम्मं साहित्य वेबसाइटवर, आणि मी भर समुद्रात. बंदरात लागल्यावर सगळे खाली उतरले तेव्हा तुम्ही मात्र त्या साइट्स नेटशिवाय वाचता येतील अशा उतरवून द्यायला माझ्या लॅपटॉपसमोर बसलात. शोअर लीव्हची, म्हणजे किनाऱ्यावर उतरायच्या सुट्टीची, किंमत जहाजावरच्या माणसाला वेगळी सांगायला नको. पहिले आभार त्याचे.

पान साठवायला कंट्रोल-एस सगळेच दाबतात. पण ते त्या एका पानापुरतं. त्यावरची लिंक दाबली की ब्राउझर पुन्हा नेटकडे धावतो, कारण लिंकमध्ये पत्ता मूळ साइटचाच असतो. तुम्ही पानाचा सोर्स उघडून ती ओळ दाखवलीत, मग एचटीट्रॅक नावाच्या प्रोग्रामने उतरवलेलं तेच पान उघडून तीच ओळ पुन्हा दाखवलीत: पूर्ण पत्ता गेलेला, त्याजागी माझ्याच डिस्कवरच्या शेजारच्या फाइलचं नाव. सगळी मेख एवढ्यातच आहे हे तेव्हा डोक्यात शिरलं. एचटीट्रॅक १९९८ पासून आहे, फुकट आहे, आणि दिसायला तितकंच जुनाट आहे. एका पानापासून सुरुवात करतं, त्यातल्या लिंका गोळा करतं, एकेक पान उतरवतं आणि लिंका आपसात जोडून देतं. दिसण्यावर जाऊ नका, असं मी आता इतरांना सांगतो.

खोली किती ठेवायची, म्हणजे लिंकांमागून लिंका किती पायऱ्या आत जायचं, हे मात्र तुम्ही सहजासहजी सांगितलं नाहीत. कागद पुढे सरकवलात. ‘एका पानावर ४० लिंका धर. दुसऱ्या पायरीला किती? तिसऱ्या?’ ४० चे १,६००, १,६०० चे ६४,०००. काही लिंका पुन्हा पुन्हा त्याच असतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी भरतो, पण तो गुणाकार लिहिल्यावर ‘सगळी साइट घेऊ’ हे शब्द माझ्या तोंडून परत निघाले नाहीत. त्यातच तुम्हाला एका कोपऱ्यात कॅलेंडर दिसलं. ‘पुढचा महिना’ या बटणाला अंत नसतो. प्रोग्राम बिचारा पुढच्या शतकापर्यंत महिने उतरवत बसतो. तो पत्ता वजा चिन्ह लावून फिल्टरमध्ये टाकायला लावलात, झिप फाइलीही तशाच वगळल्या, आणि मला हवा होता तो एकच विभाग ठेवला.

वेगाच्या बाबतीत तुम्ही चक्क कडक झालात. मी जास्तीत जास्त कनेक्शन लावायला निघालो होतो, बंदरातलं नेट हातचं जाऊ नये म्हणून. तुम्ही म्हणालात, ‘समोर कुणाचा तरी छोटा सर्व्हर असेल. तुझ्या घाईपायी तो बसला तर बाकीच्यांनी काय वाचायचं?’ रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल काय असते, ते त्याच वेळी कळलं. कुठे यायचं नाही, हे साइटवाला आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामना तिच्यात लिहून ठेवतो. हा संकेत १९९४ चा. कुलूप नव्हे, नुसती पाटी. एचटीट्रॅक मुळात ती पाळतं, ती सेटिंग बंद करता येते, आणि तुम्ही ती बंद करू दिली नाहीत. त्याबद्दलही आभार, जरी तेव्हा मनातून चरफडलो होतो.

काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालणाऱ्या डब्ल्यूगेट या फाइली उतरवायच्या प्रोग्रामची ओळख तशी धावतीच झाली. नेट मध्येच तुटणार असेल तर मोठी फाइल राहिली तिथून पुढे उतरवायला ते बरं, शिवाय दोन मागण्यांमध्ये किती सेकंद थांबायचं आणि वेग किती ठेवायचा, हेही सांगता येतं. तुमचा जीव त्यात जास्त रमतो, माझा अजून नाही.

खरा उपकार पुढचा. सगळं उतरल्यावर मी लॅपटॉप मिटायला लागलो तर तुम्ही झाकणावर हात ठेवलात. ‘एअरप्लेन मोड टाक, आणि आता अभ्यासाला बस. बघायला नाही, वाचायला.’ तिसऱ्याच पानावर गाडी अडली. थर्मोडायनॅमिक्सची समीकरणं गायब, त्यांच्या जागी डॉलरच्या खुणा, उलट्या तिरक्या रेघा आणि कंस. समीकरणं पानात तयार नसतातच; मॅथजॅक्स नावाची स्क्रिप्ट दुसऱ्याच सर्व्हरवरून येऊन ती ब्राउझरमध्ये काढते, आणि नेट बंद म्हणजे ती येणारच नाही. भर समुद्रात हे समजलं असतं तर लॅपटॉप उघडून नुसता त्या खुणांकडे बघत बसलो असतो. तुम्ही ब्राउझरला सिंगलफाइल नावाचं एक्स्टेंशन जोडलंत. समीकरणं पडद्यावर नीट उमटेपर्यंत थांबून ती पानं साठवली. दिसतं तसं पान, चित्रांसकट, एकाच फाइलीत. पुढे पंपांच्या आकृत्या दिसेनात, त्या दुसऱ्या डोमेनवर होत्या. तो फिल्टरमध्ये जोडला. सर्च बॉक्स चालणार नाही, लॉगिनच्या आतलं आणि व्हिडिओ मिळणार नाहीत, हे तुम्ही सरळ सांगून टाकलंत. विंडोजमध्ये फोल्डरच्या आत फोल्डर गेले की पत्ता २६० अक्षरांच्या वर जाऊन फाइली अडतात, म्हणून सगळं डी ड्राइव्हवर दोन अक्षरी फोल्डरमध्ये ठेवलं. तो फोल्डर अजून तसाच आहे.

विकिपीडियासाठी यातलं काहीच करायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतंत. त्यासाठी किविक्स हा नेटशिवाय वाचायचा प्रोग्राम आहे, २००७ पासून. आख्खा विकिपीडिया एका झिम फाइलीत बांधून तयार मिळतो, आणि आत शोधताही येतं. चित्रांसकट इंग्रजी साधारण १०० जीबी, बिनचित्रांचा बराच हलका. मराठीचा त्या मानाने चिमुकला, म्हणून दोन्ही घेतले. एक गोष्ट मी तुमच्याकडून ऐकली नसती तर पेन ड्राइव्ह खराब आहे म्हणून फेकून दिला असता: ड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, ड्राइव्ह कितीही रिकामा असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, काम झालं.

अभ्यास झाला. रात्रीच्या वॉचनंतर केबिनमध्ये, नेटचं तोंडही न बघता. परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचं तुम्हाला कळवलं होतं, पण ते दोन ओळींत. त्यामागे एवढं सगळं होतं, ते आज लिहिलं.

आता माझ्या हाताखाली एक पोरगा आलाय. त्याला माझी हार्ड डिस्क हवी होती. विकिपीडियाच्या झिम फाइली लगेच दिल्या. त्यांचा परवानाच वाटायला मुभा देणारा आहे. बाकीच्या साइट्स लोकांच्या मेहनतीच्या आहेत, त्या मी माझ्या वाचनापुरत्या उतरवल्या होत्या, वाटायला नाही. म्हणून त्याला म्हटलं, पुढच्या बंदरात लॅपटॉप आणि एक कोरा कागद घेऊन ये. तुमची एक गोष्ट तेवढी विचारायची राहिली आहे: एचटीट्रॅक आधी काय उतरवलं त्याची नोंद ज्यात ठेवतं तो एचटीएस-कॅश फोल्डर मी जपून ठेवलाय, त्यामुळे जुनी प्रत अपडेट करता येईल. पण साइटची रचनाच बदलली असेल तर तुम्ही अपडेट करता की नव्याने उतरवता? सवडीने कळवा.

आपला,
तुमचा जुना फोर्थ इंजिनिअर