चिनी गुलाबाचे बी मातीआड करू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत हरितगृहात चिनी गुलाबाची रोपे तयार करण्याविषयीचा लेख वाचला. दरवेळी फांद्या खोचण्यापेक्षा बियांपासून रोपे करावीत, हा त्यातला आग्रह रास्त आहे. मात्र बी अर्धा इंच खोल पेरावे आणि ट्रे महिनाभर प्लास्टिकखाली ओलसर ठेवावा, हा सल्ला कोणी तंतोतंत पाळला तर त्याच्या हाती काहीही लागणार नाही, म्हणून हे पत्र.

चिनी गुलाब, म्हणजे शहरांतले ‘ऑफिस टाइम’, ही मूळची अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलमधील वनस्पती. आपल्या घोळीच्या भाजीच्याच कुळातली. तिचे बी करड्या रंगाचे, पोलादासारखे चमकणारे आणि इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० दाणे मावतात. एवढ्याशा दाण्यातले अन्न अर्ध्या इंचाचा थर फोडून वर येण्यास पुरत नाही, आणि उगवणीला उजेडाचीही मदत लागते. म्हणून बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व वाळूच्या ओलसर मिश्रणावर भुरभुरावे, लाकडी फळीने हलके दाबावे आणि वर माती मुळीच घालू नये. झारीच्या पाण्याने बी एका कोपऱ्यात वाहून जाते, त्यामुळे ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालूनच पाणी शोषू द्यावे.

हरितगृहाचा खरा उपयोग उबेपुरता आहे. या बियांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि तेवढे मिळाले की एक-दोन आठवड्यांत लालसर देठांचे कोंब दिसू लागतात. आमच्याकडे जानेवारीच्या अखेरीस रात्री उघड्यावर तेवढी ऊब नसते. बंद हरितगृहात मात्र दिवसा माध्यम, म्हणजे ट्रेमधले मिश्रण, चांगले तापते. पेरणीपासून फुलांपर्यंत साधारण दोन महिने लागतात, हे लक्षात घेतले तर जानेवारीतच पेरण्याच्या घाईचे कारण कळेल. जानेवारीअखेर पेरलेली रोपे मार्चच्या शेवटी फुलतात आणि पावसापूर्वी सगळा उन्हाळा पदरात पडतो. मार्चमध्ये उघड्यावर पेरलेली रोपे मे महिन्यात फुलू लागतात न लागतात तोच पाऊस येतो आणि पाणी साचेल तिथे मांसल खोडे कुजतात.

पण उगवण झाली की हीच बंदिस्त हवा रोपांच्या मुळावर येते. प्लास्टिकच्या आतल्या बाजूने घाम टिपकू लागला, की बुरशीने रोपे जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात; हे एका रात्रीत घडते आणि त्यावर नंतर फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. कोंब दिसताच आच्छादन काढावे, दुपारी बाजूचे पडदे वर करावेत आणि माध्यमाचा वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. पुढे रोपे शेडनेटखाली लाडाने ठेवली तर ती नुसतीच लांबतात, कारण या फुलांना उघडण्यासाठीच थेट ऊन लागते.

शेणखत घातलेल्या मिश्रणात घोळही हमखास उगवते. नवख्या माणसाने सुरुवातीला काहीच उपटू नये. पुढची पाने आली की घोळीची पाने चपटी आणि चिनी गुलाबाची सुईसारखी गोलसर दिसतात. बाजारात चपट्या पानांचे ‘ऑफिस टाइम’ही मिळते, ती वेगळी जात आहे आणि बहुधा फांद्यांपासूनच वाढवली जाते. दुहेरी पाकळ्यांच्या संकरित वाणाचे घरचे बी पेरल्यास रोपे आईसारखी येतीलच असे नाही. तसे ते बी धरणेही जिकिरीचे, कारण पिकलेल्या बोंडाचे झाकण अलगद सुटते आणि दाणे तत्काळ सांडतात.

जानेवारीच्या पेरणीपूर्वी पुरवणीत निदान बी किती खोल पेरावे याची आणि आच्छादनाच्या सल्ल्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा